कोपलेला सूर्य आणि कुलाब्याची वही

१

टीकालेख म्हटला की एखादी कादंबरी, एखादा कवितासंग्रह, गेला बाजार एखादे नाटक तरी समोर असावे लागते, असा आपल्याकडे रिवाज आहे. आज मी ज्या लेखनाविषयी लिहिणार आहे त्यावर लेखकाचे नाव नसते, त्याला प्रस्तावना नसते, आणि आठवडाभरात ते रद्दीत जाऊन पडते. तरीही एखाद्या गाजलेल्या कादंबरीपेक्षा ते अधिक लोक वाचतात. आणि कादंबरी खोटी आहे हे ठाऊक ठेवून वाचतात, तसे न वाचता ते खरे मानून वाचतात. हे लेखन म्हणजे सौरवादळाची बातमी.

ह्या प्रकाराची काही ठरलेली लक्षणे आहेत. प्रथम सूर्य कोपतो. मग तो तांडव करू लागतो. मग पृथ्वीवर महासंकट येते, म्हणजे येणार असते. मोबाईल बंद पडणार, वीज जाणार, उपग्रह कोसळणार, अशी यादी होते. शेवटच्या ओळीत कोणीतरी शास्त्रज्ञ सतर्क राहण्याचे आवाहन करतात. सतर्क राहावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, हे मात्र कोठेच सांगितलेले नसते. दुसऱ्या दिवशी सूर्य नेहमीप्रमाणे उगवतो, दूधवाला नेहमीप्रमाणे येतो, आणि कालच्या महासंकटाचे पुढे काय झाले ह्याविषयी वर्तमानपत्र मौन धारण करते. मी कादंबऱ्या लिहितो. सुरुवात एवढी धडाक्याची आणि शेवटच नाही, असे हस्तलिखित घेऊन मी प्रकाशकाकडे गेलो, तर तो मला चहा पाजून परत पाठवील.

ह्या बातमीचे एक धाकटे भावंडही आहे. ते मोबाईलवरून फिरते. आज रात्री साडेबारा ते साडेतीन अंतराळातून घातक किरण येणार आहेत, तरी फोन बंद करून दूर ठेवा, ही विनंती गेली कित्येक वर्षे दर काही महिन्यांनी नव्याने घरोघर पोचते. पाठवणारा आपला मेहुणा असतो, नाहीतर सोसायटीचे चिटणीस असतात. म्हणजे विश्वासू माणूस असतो. ज्या घरी फोन बंद होतात त्या घरीही सकाळी काही घडलेले नसते, आणि ज्या घरी होत नाहीत त्या घरीही नसते.

हे हसण्यावारी नेता आले असते. परंतु त्यात एक खरी गोष्ट बुडते आहे. सूर्याच्या उलथापालथीचा आपल्या तारांशी, यंत्रांशी आणि उपग्रहांशी खरोखरच संबंध आहे. हा संबंध मोठ्या कष्टाने उलगडला गेला, आणि त्यात मुंबईच्या एका वेधशाळेचा मोलाचा वाटा आहे. ज्यांनी तो उलगडला त्यांचे गद्य कसे होते आणि तो सांगणारे आपले गद्य कसे आहे, हे एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे; शास्त्राचा अधिकार मी सांगत नाही. परंतु वाक्य खरे बोलते आहे की नुसते ओरडते आहे, हे ओळखणे शाळामास्तराचे रोजचे काम आहे.

२

पहिला नमुना १८५९ सालचा आहे. इंग्लंडात रेडहिल नावाच्या गावी रिचर्ड कॅरिंग्टन नावाचा गृहस्थ राहत असे. बाप दारूच्या भट्टीचा मालक. मुलाला आकाशाचा नाद. त्याने स्वतःच्या खर्चाने वेधशाळा बांधली होती. दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा रंग दिलेल्या काचेवर पाडावयाची, तिचा व्यास सुमारे अकरा इंच असावयाचा, आणि त्यावरचे डाग चितारून घ्यावयाचे, असा त्याचा वर्षानुवर्षांचा नेम होता. १ सप्टेंबर १८५९ रोजी सकाळी ११ वाजून १८ मिनिटांनी डागांच्या एका समूहावर त्याला एकाएकी दोन अत्यंत तेजस्वी, पांढरेशुभ्र ठिपके दिसले. पाच मिनिटांत ते सुमारे ३५,००० मैल सरकले, क्षीण झाले आणि ११ वाजून २३ मिनिटांनी नाहीसे झाले.

ह्या घटनेवर त्याने लिहिलेले टिपण लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात आले. ते दोन-तीन पानांचे आहे. मथळ्यात त्याने वापरलेला शब्द 'अनोखे' ह्या अर्थाचा आहे. सूर्यात दिसलेल्या एका अनोख्या देखाव्याचे वर्णन, बस्स. त्याच क्षणी हायगेट येथे रिचर्ड हॉजसन नावाचा दुसरा निरीक्षकही तेच पाहत होता. त्यानेही आपल्या टिपणाला 'नवलाचे' एवढाच शब्द लावला. मानवजातीच्या इतिहासात सूर्यावरचा स्फोट प्रथमच पाहणारी ही दोन माणसे, आणि दोघांच्या मथळ्यांत मिळून एकही उद्गारचिन्ह नाही.

कॅरिंग्टनच्या टिपणात मला सर्वांत आवडते ती जागा अशी. ठिपके दिसताच आधी त्याने शंका घेतली, की पडद्याच्या एखाद्या भोकातून उजेड तर शिरत नाही? यंत्र हलवून पाहिले. तसे नव्हते. मग आश्चर्याने आपली थोडी तारांबळ उडाली, हे तो लपवीत नाही. साक्षीला कोणी असावे म्हणून तो धावत गेला आणि साठ सेकंदांच्या आत परतला. तो देखावा पुष्कळच मंदावलेला. ह्याचे त्याला फार वाईट वाटले, हेही तो नोंदवतो. पाहा, ह्या तीन-चार वाक्यांत एक माणूस उभा राहतो. त्याची घाई, त्याची हळहळ, त्याचा सच्चेपणा सारे तिथे आहे. 'कोप' नाही, 'तांडव' नाही. आणि तरीही वाचताना आपणही त्याच्यामागे जिन्यावरून धावतो.

पुढची गोष्ट त्याहून मोलाची. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ उठले. लंडनजवळच्या क्यू येथील चुंबकमापकावर स्फोटाच्या घटकेला एक लहानसा झटका आणि नंतर हे प्रचंड वादळ, अशा दोन्ही खुणा उमटल्या होत्या. दोन्ही गोष्टी कॅरिंग्टनच्या समोर होत्या. दोहोंचा संबंध आहे असे ठासून सांगण्याचा मोह कोणाला झाला नसता? परंतु तो म्हणतो, की दोन्ही घटना एका सुमारास घडल्या ह्याची नोंद असू द्यावी. त्या जोडण्याची घाई मात्र आपण करीत नाही. एक पाकोळी दिसली म्हणून उन्हाळा आला असे होत नाही. मानवी ज्ञानातला एक थोर दुवा हाती लागला असताना इतक्या हलक्या हाताने तो खाली ठेवणारे गद्य मी फार थोडे वाचले आहे.

त्याच वादळातला दुसरा नमुना अमेरिकेतला. २ सप्टेंबरच्या सकाळी बोस्टन आणि पोर्टलंड येथील तारमास्तरांना तारांमध्ये परका प्रवाह खेळताना आढळला. बोस्टनच्या मास्तराने सुचविले, की दोघांनीही बॅटऱ्या काढून टाकाव्यात. काढल्या. तारेवर आता फक्त आकाशातून आलेला प्रवाह होता. आणि बॅटरी असतानापेक्षा निरोप बरे जात होते. असे सुमारे दोन तास दोघांनी काम केले आणि नेहमीचा कारभार पुढे चालविला. त्यांचे संभाषण छापून राहिले आहे, आणि नाटककारांनी ते पाठ करावे इतके ते नेटके आहे. उत्तर अमेरिकेत त्या रात्री आकाश तांबडेलाल झाले होते; क्यूबासारख्या उष्ण प्रदेशातही ध्रुवीय प्रकाश दिसला होता; आणि हे दोघे इसम बॅटरी लावावी की काढावी ह्यावर बोलत होते. विस्मय वाचकाच्या मनात उभा करावयाचा तो असा. आपण स्वतः विस्मयचकित होऊन दाखविले, तर वाचकाला करण्यासारखे काही उरत नाही.

३

तिसरा नमुना आपल्या घरचा आहे, आणि त्यात वाक्यच नाही. नुसते आकडे आहेत.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे नाव मराठी वाचकाला परके नाही. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर ह्यांनी ह्या वेधशाळेचे संचालकपद सांभाळले होते. अलिबागजवळच्या नागावात जन्मलेले केरो लक्ष्मण छत्रे हे तरुणपणी इथेच नोकरीला होते. म्हणजे मराठी वृत्तपत्राचा जनक आणि मराठी गणिताचा एक थोर अध्यापक, दोघांनीही ह्या वास्तूत आकडे मांडण्याची शिस्त जवळून पाहिली. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी इथे १८४१ पासून चालू झाली. टांगलेल्या चुंबकपट्टीची जागा डोळ्यांनी वाचावयाची आणि आकडा वहीत लिहावयाचा. तासातासाला हे काम, आणि पट्टी अस्वस्थ झाली तर काही काही मिनिटांनी.

२ सप्टेंबर १८५९ रोजी सकाळी अकराच्या सुमारास ती पट्टी अशी अस्वस्थ झाली. विचार करा: मुंबईत लख्ख दिवस होता, पावसाळ्याचे दिवस होते. आकाशात दिसण्यासारखे काहीही नव्हते. बंदरात गलबते नेहमीप्रमाणे लागत होती. सबंध शहरात त्या क्षणी घडत असलेली गोष्ट ठाऊक असणारा एकच जीव असेल, तर तो वहीपुढे बसलेला निरीक्षक; आणि त्यालाही ती आकड्यांपलीकडे ठाऊक नव्हती. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा जोर थोड्या अवधीत सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरला. आकडा मोठा वाटतो. एकूण जोराच्या तो शंभरात चार इतकाच. पण पृथ्वीच्या बाबतीत शंभरातले चार म्हणजे भूकंपच म्हणावयाचा.

निरीक्षकाने आकडा लिहिला. पुढचा लिहिला. वही भरली. वर्षे गेली. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, आणि त्यांच्या प्रवाहाने नाजूक चुंबकपट्ट्या बहकणार, म्हणून वेधशाळेचे चुंबकीय काम १९०४ साली अलिबागला नेण्यात आले. नानाभाई मूस हे तेव्हा संचालक होते. इमारतीसाठी दगडसुद्धा चुंबकत्व नसलेला, पोरबंदरचा आणला. त्याच मूससाहेबांनी कुलाब्याच्या साठ वर्षांच्या नोंदी १९१० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. आणि २००३ साली, म्हणजे मूळ घटनेनंतर १४४ वर्षांनी, अमेरिकेतील ब्रूस त्सुरुतानी, आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील गुरबक्ष लाखिना व त्यांचे सहकारी ह्यांनी कुलाब्याच्या ह्या आकड्यांवरून १८५९ च्या वादळाचे बळ मांडून दाखविले. विषुववृत्ताकडच्या प्रदेशात असे पूर्ण मोजमाप मिळणे दुर्मिळ. अनेक ठिकाणी यंत्राची मापपट्टीच अपुरी पडली होती. तासाची सरासरी घेतली तर १६०० चा आकडा बराच खाली येतो, आणि त्याचा नेमका अर्थ काय लावावा ह्यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. पण वाद घालावयास आकडा आहे, हे त्या अनाम हाताचे उपकार.

मी ह्या वहीला वाङ्मय म्हणतो ते थट्टेने नव्हे. जे लेखन दीडशे वर्षांनी उघडले असता खरे निघते, त्याला वाङ्मय म्हणावयाचे नाही तर कशाला? आपल्या किती कादंबऱ्या ह्या कसोटीला उतरतील, हे मी दिवाळीच्या दिवसांत विचारीत नाही.

४

आता आपल्या बातमीकडे वळू. तिचा पहिला दोष शब्दातच आहे. आपण 'सौरवादळ' म्हणतो तेव्हा वाचकाच्या डोळ्यांपुढे वारा येतो, पत्रे उडतात, झाडे पडतात. माझ्या आठवीच्या वर्गातल्या एका मुलाने मला सरळ विचारले, "सर, एवढं मोठं वादळ आलं, मग झाडं कशी नाही पडली?" प्रश्न मुलाचा नव्हे, शब्दाचा आहे. चुंबकीय वादळ होते ते पृथ्वीभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रात. ते कातडीला लागत नाही, ते सुईला आणि तारेला लागते.

दुसरे असे की सूर्याकडून एकच पाहुणा येत नाही. तीन येतात, आणि तिघांची गाडी वेगळी. पहिला येतो तो स्फोटाचा प्रकाश आणि क्ष-किरण. त्यांना आठ-सव्वाआठ मिनिटे लागतात, आणि त्यांनी दिवसाच्या बाजूला दूरच्या पल्ल्याचे रेडिओसंदेश बुजतात. दुसरे येतात ते वेगवान विद्युत्‌भारित कण. ते पंधरावीस मिनिटांत ते काही तासांत पोचतात, आणि उपग्रहांच्या नाजूक यंत्रांत घुसून त्यांची स्मृती बिघडवतात. चंद्राकडे निघालेल्या माणसांना धोका असतो तो ह्यांचाच. १९७२ च्या ऑगस्टात असा एक लोंढा आला. अपोलोची एक फेरी एप्रिलमध्ये झाली होती आणि पुढची डिसेंबरात व्हावयाची होती. मधल्या काळात वाटेवर कोणी नव्हते, हे सुदैव. तिसरा पाहुणा सर्वांत अवजड: सूर्याने फेकलेला, स्वतःचे चुंबकत्व बरोबर घेऊन निघालेला तप्त वायूचा मेघ. त्याला साधारणपणे एक ते तीन दिवस लागतात. १८५९ चा साडेसतरा तासांत आला म्हणूनच तो भयंकर. त्याच्या चुंबकत्वाचा रोख पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या उलट असेल तर दार उघडते. सारखा असेल तर तो बव्हंशी बाजूने निघून जातो. आपल्या बातमीत हे तिघे एकाच बैलगाडीत कोंबलेले असतात, आणि दाराची गोष्ट तर येतच नाही. त्यामुळे 'येणार येणार' म्हटलेले वादळ का आले नाही, हे वाचकाला कधीच कळत नाही. शास्त्रज्ञ उगाच घाबरवतात, एवढेच तो मनाशी धरतो.

हे दार उघडले म्हणजे दोन गोष्टी होतात. एक सुंदर, एक त्रासाची. सुंदर ती ध्रुवीय प्रकाशाची. कण वातावरणाच्या वरच्या थरांत शिरून तेथल्या वायूंवर आदळतात. शंभर ते दीडशे किलोमीटरांच्या टापूत प्राणवायू हिरवा उजळतो, दोनशेच्या वर तोच प्राणवायू तांबडा होतो. तांबडा उंचावर असल्यामुळे तो लांबून, क्षितिजाच्या काठावर दिसतो. दक्षिणेकडच्या देशांत हा प्रकाश दिसलाच तर बहुधा तांबडा दिसतो, ह्याचे कारण हे. ४ फेब्रुवारी १८७२ च्या महावादळात तो मुंबईच्या आकाशात दिसल्याची नोंद आहे.

त्रासाची गोष्ट विजेची. चुंबकीय क्षेत्र झपाट्याने बदलले की जमिनीत विद्युत्‌दाब निर्माण होतो. खडक त्या प्रवाहाला वाट देईनासा झाला, तर तो सोपी वाट शोधतो: शेकडो मैल लांब तारा. जमिनीला जोडलेल्या ट्रान्सफॉर्मरमधून तो वर चढतो. खेड्यात आपण ज्याला डीपी म्हणतो त्याची ही थोरली भावंडे. दिशा बदलत राहणाऱ्या प्रवाहासाठी घडविलेली. त्यांच्यात हा एकाच दिशेने रेंगाळणारा प्रवाह शिरला की त्यांचा लोखंडी गाभा तुडुंब होतो, ती तापतात, आणि सबंध जाळ्याचा तोल जातो. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांतात हे घडले. पहाटे पावणेतीनच्या सुमारास दीड मिनिटाच्या आत सगळे जाळे कोसळले. सुमारे ६० लाख माणसे अंधारात आणि थंडीत गेली. नऊ तासांनीही सगळ्यांची वीज आलेली नव्हती. खाली कठीण, प्रवाहाला अडविणारा जुना खडक आणि वर उत्तरेच्या धरणांपासून आलेल्या लांबच लांब वाहिन्या, ही दोन कारणे एकत्र आली. महाराष्ट्र चुंबकीय ध्रुवापासून दूर आहे. आपल्याला हा धोका पुष्कळ कमी. हे वाक्य मात्र आपल्या बातमीत शोधूनही सापडत नाही.

५

भयाच्या भाषेने खरे कारण कसे झाकले जाते ह्याचा आपल्याकडचा जुना दाखला स्कायलॅबचा. १९७९ साली ही अमेरिकी अंतराळशाळा डोक्यावर पडणार म्हणून आपल्या देशात उडालेल्या घबराटीच्या गोष्टी माझ्या पिढीने वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या. कोणी गोडधोड करून खाल्ले, कोणी शेत विकावयास काढले, असे सांगताना आमचे काका अजून हसतात. पण त्या आठवणींत मी सूर्याचे नाव कधी ऐकले नाही. वास्तविक मुख्य आरोपी तोच होता. सूर्य अपेक्षेपेक्षा अधिक खवळला, त्याच्या उष्णतेने वातावरणाचा वरचा थर फुगला, स्कायलॅबला विरळ हवेचे घर्षण अधिक होऊ लागले, आणि तिला वर ढकलणारे यान तयार होण्याआधीच ती खाली आली. ११ जुलै १९७९ रोजी तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. गोष्ट संपली, कारण कोणी सांगितले नाही, म्हणून शिकण्यासारखे काही उरले नाही.

त्रेचाळीस वर्षांनी तेच पुन्हा घडले, लहान प्रमाणात. ३ फेब्रुवारी २०२२ रोजी स्टारलिंकचे ४९ उपग्रह सोडले गेले. ते आधी सुमारे २१० किलोमीटर उंचीवर ठेवून मग वर न्यावयाचे होते. दुसऱ्या दिवशी एक वादळ आले. महावादळ नव्हे, मामुलीच म्हणावे असे. तेवढ्यानेही हवा इतकी दाटली की ३८ उपग्रह वर चढू शकले नाहीत आणि जळून गेले. मामुली वादळ, आणि पाचांपैकी जवळजवळ चार उपग्रह स्वाहा! ह्या गोष्टीला तांडवाची गरज नाही. ती आहे तशीच सांगितली तरी वाचक कान टवकारतो.

आणि १० मे २०२४. पाच पायऱ्यांच्या मापावर सर्वांत वरच्या पायरीचे वादळ आले. असे ऑक्टोबर २००३ नंतर प्रथमच. त्या खेपेस स्वीडनमधील माल्मो शहराची वीज काही काळ गेली होती. ह्या खेपेस जाळी टिकली. का टिकली, हे सांगण्यासारखे होते. इशारा आधी मिळाला होता; न्यूझीलंडच्या वीज-वाहिनी कंपनीने आणीबाणी जाहीर करून सावधगिरी म्हणून काही वाहिन्या स्वतःहून बंद ठेवल्या. अमेरिकेच्या मध्यभागात ऐन पेरणीत शेतकऱ्यांचे जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर वाट चुकू लागले, त्यांना थांबावे लागले. आणि आपल्या लडाखमध्ये हानले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी रात्रीच्या आकाशात तांबडी आभा टिपली. ह्यातली प्रत्येक गोष्ट बातमी होती. आपण मात्र आदल्या दिवशी 'महासंकट' छापले आणि दुसऱ्या दिवशी तांबड्या आकाशाचे चित्र. मध्ये जे शहाणपण घडले ते गळले.

६

कोणी म्हणेल, मास्तर, भीती घातल्याशिवाय लोक वाचत नाहीत. मला हे मान्य नाही. तारमास्तरांची गोष्ट, उपग्रहांची गोष्ट मी वर्गात सांगतो तेव्हा शेवटच्या बाकावरचाही मुलगा ऐकतो. लोक कुतूहलाने वाचतात. भीतीने ते फक्त पुढे पाठवतात.

दुसरा कोणी म्हणेल, मग तोल ठेवावा म्हणजे धोका नाहीच असे म्हणावे काय? तेही नव्हे. १८९२ साली लॉर्ड केल्विनसारख्या महापंडिताने रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून गणित मांडून सांगितले, की सूर्याला इतकी ऊर्जा खर्चणे शक्य नाही. सूर्यावरचे डाग आणि पृथ्वीवरची वादळे ह्यांचा मेळ हा निव्वळ योगायोग दिसतो. सूर्य चारही दिशांना सारखे बळ टाकीत असेल असे धरून त्याने हिशेब केला होता. तो एकाच दिशेने गोळा फेकावा तसा फेकील, हे त्याच्या हिशेबात नव्हते. १९०४ मध्ये वॉल्टर माउंडरने दाखविले, की वादळे सूर्याच्या सुमारे सत्तावीस दिवसांच्या फेऱ्याबरोबर परत परत येतात. म्हणजे सूर्यावरच्या ठराविक जागांतूनच काहीतरी निघत असले पाहिजे. दार त्याने पुन्हा उघडले. कॅरिंग्टनचा संयम आणि केल्विनचा नकार ह्यांत हा फरक आहे: एकाने नोंद ठेवून दार उघडे ठेवले, दुसऱ्याने हिशेब करून कडी लावली. चांगले गद्य पहिल्यासारखे असते.

आणि हा प्रश्न केवळ भाषेच्या चवीचा नाही. ६ जानेवारी २०२४ रोजी आपले आदित्य एल-१ हे यान पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरांवरच्या आपल्या जागी पोचले. पुण्याच्या आयुकाने घडविलेली दुर्बीण त्यावर बसून सूर्याकडे बघते आहे. त्या परिसरातल्या यानांवरून मेघ गेला म्हणजे तो पृथ्वीला धडकण्याआधी पाऊण तास, फार तर एक तास हाती राहतो. वेगवान असला तर पाव तासही. २३ जुलै २०१२ रोजी असाच एक प्रचंड मेघ पृथ्वीच्या कक्षेतून गेला. पृथ्वी तेव्हा त्याच्या वाटेवर नव्हती. एक यान होते, त्याने त्याचे माप घेतले. असा मेघ एक दिवस पृथ्वीची वाट धरील. त्या दिवशी जो इशारा निघेल तो काही ओळींचाच असेल, आणि त्यावर विश्वास ठेवण्याकरिता वाचकाजवळ पाऊण तास असेल. लांडगा आला रे आला, असे आपण त्याला दर दोन महिन्यांनी ऐकविले असेल, तर तो पान उलटील. विश्वास ही उपग्रहासारखीच वस्तू आहे. वर चढविण्यास वर्षे लागतात, खाली यावयास एक मामुली वादळ पुरते.

म्हणून माझी ह्या बातमीकडून मागणी मोठी नाही. तीन पाहुण्यांपैकी कोण येतो आहे ते सांगा. केव्हा येतो, कोठे जोर लागेल, आपल्या गावाला त्याचे किती, ते सांगा. येऊन गेल्यावर काय झाले तेही सांगा, काही झाले नसेल तर का झाले नाही हे सांगा. विशेषणे सूर्याला लागत नाहीत. तो त्यांच्यावाचून पुरेसा मोठा आहे. कुलाब्याच्या निरीक्षकापाशी एकही विशेषण नव्हते. भर दिवसा, आकाशात काही दिसत नसताना, पट्टी हलली तेव्हा त्याने वेळ लिहिली आणि आकडा लिहिला. आणि १४४ वर्षांनी त्याच्यावर विश्वास ठेवणारे वाचक त्याला मिळाले. उद्याच्या पानावर लिहिणाऱ्यांनी त्याच्याइतके जरी लिहिले, तरी पुष्कळ झाले.